बंदीच्या काळातली दारू कशी मोजायची?

दारूबंदी यशस्वी झाली की फसली, या वादात दोन्ही बाजूंकडे आकडे असतात आणि ते बहुतेक वेळा खरेही असतात. अडचण आकड्यांची नसून ते कशाचे आहेत याची आहे. लोक किती पितात हे मोजण्यासाठी लिहिलेला कागद जवळजवळ सापडत नाही. कोणी कर मोजतो, कोणी गुन्हे, कोणी मृत्यू, तर कोणी परमिटं. म्हणून जुना कागद हातात घेतल्यावर पहिला प्रश्न विचारावा, तो लिहिणाऱ्याचं काम काय होतं?

जुन्या मुंबई इलाख्यापासून सुरुवात करू. 1878 च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्याचं काम सरकारच्या देखरेखीखालच्या ठरावीक भट्ट्यांकडे आणलं आणि तिथून बाहेर पडणाऱ्या दारूवर कर बसवला. अबकारी खात्याच्या वार्षिक अहवालांत गॅलनांचे तक्ते येतात ते या कर भरलेल्या दारूचे. घरामागे मोहाची फुलं आंबवून गाळलेली दारू त्यांत नाही. ती होती, हे सरकारही जाणून होतं. नाहीतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या मोहफुलांवर निर्बंध घालायला 1892 साली वेगळा कायदा करावाच लागला नसता. त्यामुळे एखाद्या तालुक्यात सरकारी दारूचा खप वाढलेला दिसला की लोक जास्त प्यायला लागले, असं लगेच म्हणता येत नाही. घरची भट्टी बंद पडल्यामुळे तीच माणसं गुत्त्यावर आली असतील. तक्त्याला दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. अशा वेळी तक्त्याच्या शेजारी दुसरा, वेगळ्या हेतूने लिहिलेला कागद ठेवावा. 1880 च्या सुमारास पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी शहरातल्या वाढत्या दारू दुकानांवर लेखी हरकत घेतली होती. महसुलाशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. त्यांची नजर संसारांवर होती. गॅलन त्यांच्या लेखनात मिळणार नाहीत, पण दुकान उघडल्याने वस्तीत काय होतं हे मिळेल, आणि ते अबकारी अहवालात कधीच सापडणार नाही.

प्रत्यक्ष बंदी आली की हा तक्ताही संपतो. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर 1950 मध्ये राज्यभर संपूर्ण बंदी लागू झाली. सर्वसामान्यांसाठी अधिकृत खप शून्यावर आला आणि त्याची जागा पोलिसांच्या आकड्यांनी घेतली. इथे सगळ्यात जास्त सावध राहावं लागतं. चोरी झाली की ज्याची वस्तू गेली तो तक्रार घेऊन येतो. दारूच्या गुन्ह्यात विकणारा आणि घेणारा दोघंही राजी असतात, त्यामुळे पोलीस गेले तरच गुन्हा नोंदला जातो. गुन्हे दुप्पट झाले याचा अर्थ हातभट्ट्या वाढल्या असा होईल, किंवा नवा अधिकारी आला, धाडी वाढल्या असाही होईल. गुन्हे घटले तर बंदी यशस्वी झाली असेल, नाहीतर हप्ते सुरळीत चालू झाले असतील. तेव्हा नुसती बेरीज न पाहता पंचनामे वाचावेत. काळा गूळ, नवसागर, कच्चं रसायन किती पकडलं, पिंपात की रबरी ट्यूबमध्ये, खाडीकाठी की चाळीत, यावरून धंद्याचा आकार कळतो. मात्र एकच पंच प्रकरणामागून प्रकरणात भेटू लागला, तर त्या पंचनाम्यांवरही किती विसंबायचं ते ठरवावं लागेल.

कायद्याची व्याख्या मध्येच बदलली तर आकड्यांची मालिकाही तिथे तुटते. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1949 च्या कायद्याला आव्हान देणाऱ्या बलसारा खटल्यात तो बहुतांशी वैध ठरवला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं जवळ बाळगण्या-वापरण्यावरची बंदी रद्द केली. काही दिवसांतच मुंबईत पेसिकाका नावाच्या गृहस्थांना अटक झाली. तोंडाला दारूचा वास होता. आपण टॉनिक घेतलं होतं, असं त्यांचं म्हणणं. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं, कारण पोटात गेलेलं अल्कोहोल बंदी असलेल्या दारूचंच होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर होती. पुढे 1959 च्या दुरुस्तीने रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल आढळल्यास ते औषधातलं होतं हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर टाकली. आता 1953 आणि 1960 मधल्या शिक्षांची तुलना करायची झाली, तर मधे शिक्षेचं मापच बदललं आहे हे आधी लिहावं लागेल. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण आलेख काढणाऱ्याला तो आलेखात कुठेच दिसत नाही.

मग दुसरं माप कोणतं? अमेरिकेत 1920 ते 1933 च्या बंदीबद्दल अभ्यासकांनी लिव्हर सिरॉसिसचे मृत्यू वापरले. जेफ्री मायरन आणि जेफ्री झ्वीबेल या अर्थशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये अशा अप्रत्यक्ष खुणांवरून अंदाज केला की बंदीच्या सुरुवातीला पिणं आधीच्या सुमारे 30 टक्क्यांवर आलं आणि नंतर 60 ते 70 टक्क्यांपर्यंत परत चढलं. युक्ती चांगली आहे, कारण मृत्यूची नोंद करणाऱ्या डॉक्टरला बंदीच्या राजकारणाशी कर्तव्य नसतं. तरी सिरॉसिस व्हायला वर्षं लागतात, आणि तिथे हे मृत्यू 1920 च्या आधीपासूनच घटू लागले होते. विषारी दारूने झालेल्या मृत्यूंचं उलट आहे. त्यांतून दारू किती वाईट होती ते कळतं, किती प्यायली गेली ते नाही.

वर्तमानपत्रं वाचताना त्यांच्यावर काय बंधन होतं हे आधी पाहावं. 1949 च्या कायद्याने दारूची भलामण करणं हाच गुन्हा ठरवला होता. हे कलमही बलसारा निकालात पडलं. म्हणजे त्या निकालापूर्वीच्या अंकांत बंदीवर टीका कमी दिसली, तर ती लोकांची संमती समजायची घाई करू नये. त्याआधी 1939 मध्ये आलेल्या बंदीची गोष्ट वेगळी. मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळाने त्या वर्षी 1 ऑगस्टला मुंबई शहरात बंदी आणली आणि बुडालेला महसूल भरून काढण्यासाठी शहरी मालमत्तेवर 10 टक्के कर लावला. तेव्हाच्या विरोधाच्या पत्रांत घरमालकाचा राग दारूसाठी आहे की करासाठी, हे वेगळं काढावं लागतं.

आणखी दोन साधनं उरतात. बंदीतही प्रकृतीच्या कारणासाठी दारू घेण्याची परवानगी देणाऱ्या हेल्थ परमिटांच्या नोंदी मुख्यतः डॉक्टरकडे आणि कचेरीत जाऊ शकणाऱ्यांच्या. राजकारण्यांच्या आत्मचरित्रांत धोरणाची बाजू मांडलेली असते. तेवढ्यापुरतीच ती वाचावीत.

ज्यांनी कागदच ठेवला नाही, त्यांचं काय? 1922 मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांकडून निघालेली देवीची चळवळ दक्षिण गुजरातच्या आदिवासींमध्ये पसरली. देवी अंगात आलेली माणसं दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा, असं सांगू लागली. दारूची दुकानं मुख्यतः पारशांची होती. त्यांच्या तक्रारी आणि अधिकाऱ्यांचे अहवाल सरकारी दप्तरात उरले, काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी आपल्या नजरेतून लिहिलं. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी हे सगळं वाचलंच, शिवाय गावांत जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारलं. तेव्हा दिसलं की सुरुवात वरून आलेल्या आदेशाने झालेली नव्हती. दारू सोडणं म्हणजे दुकानदार-सावकाराच्या पकडीतून सुटणंही होतं. साठ वर्षांनंतरच्या आठवणींत तारखा चुकतात, पण दुकानदाराचं कर्ज कोणावर होतं हे माणूस विसरत नाही. म्हणून तारखेसाठी दप्तर आणि कारणासाठी म्हातारीची आठवण, असं काम वाटून द्यावं.

हे अलीकडच्या बंदीलाही लागू आहे. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये बंदी लागली आणि 2021 मध्ये, तिचा आढावा घेणाऱ्या रमानाथ झा समितीच्या अहवालानंतर, उठली. त्या सहा वर्षांचे पोलिसांचे आकडे दोन्ही बाजूंनी वापरले. उद्या कोणी तो इतिहास लिहायला बसला तर त्याने जिल्ह्याबाहेरही पाहावं. यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांच्या सीमेवरच्या परवानाधारक दुकानांची विक्री त्या काळात किती हलली, ती पाहावी. गडचिरोली आणि वर्ध्यात आधीपासूनच बंदी असल्याने त्या बाजूंना असा आकडा मिळणार नाही, तिथे पुन्हा पंचनामेच उघडावे लागतील. आणि बंदीसाठी मोर्चे काढलेल्या बायकांशी बोलायला मात्र उशीर करू नये.