व्हिसा लागत नाही, म्हणजे कोणी विचारत नाही?

इराणने २२ नोव्हेंबर २०२५ पासून भारतीयांची व्हिसासवलत थांबवली. आपल्याकडे ही बातमी पर्यटनाची समजून पान उलटले गेले. चिखली-मेहकरातून इराण बघायला जातो कोण? पण परराष्ट्र मंत्रालयाने तेव्हा सांगितलेले कारण बुलढाणा जिल्ह्यातल्या नोकरी शोधणाऱ्या प्रत्येक पोराने वाचायला हवे. कामाचे किंवा पुढे तिसऱ्या देशात पोहोचवण्याचे आमिष दाखवून लोकांना याच सवलतीवर इराणला नेले जात होते आणि तिथे उतरल्यावर खंडणीसाठी पळवले जात होते.

मुळात फेब्रुवारी २०२४ मधली ती सवलत फक्त पर्यटनासाठी, विमानाने येणाऱ्यांसाठी आणि १५ दिवसांपुरती होती. एजंटांनी त्यातले ‘व्हिसा लागत नाही’ एवढेच उचलले. थायलंडचा किस्साही असाच. तिथल्या नोकरीच्या नावाखाली नेलेली पोरे सीमेपलीकडे, म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर जाऊन पडली. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले.

म्हणूनच ‘अमुक देशांत व्हिसाविना फिरा’ छापाच्या याद्यांचा मला राग येतो. व्हिसा असो वा नसो, आत घ्यायचे की नाही हे शेवटी विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. परतीचे तिकीट, राहण्याचा पत्ता, खर्चापुरते पैसे यांतले काहीही तो विचारू शकतो. थायलंडने तर मे २०२५ पासून आगमनाचा ऑनलाइन फॉर्मही सक्तीचा केला. तो फुकट आहे, तरी त्याचे पैसे उकळणाऱ्या वेबसाइट निघाल्याच. नेपाळ आपल्याला घरचा वाटतो, पण काठमांडूला विमानाने जायचे तर १५ ते ६५ वयाच्या माणसाचे आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच लागते.

त्याहून मोठी अडचण नावाची. टीसीवर एक नाव, आधारवर दुसरे, लग्नानंतर तिसरे, हे आपल्या गावागावांत चालते. घाईत काढलेल्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा राहतो. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून अशा एकेरी नावावर भेटीचा व्हिसा देणे बंद केले. पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तरच सूट, हा खुलासा नंतर आला. तिकीट काढण्याआधी पासपोर्ट नीट वाचा.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआरची, म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ अशी नोंद असते. आखाती देशांसह १८ देशांत त्यांना कामाला जायचे तर १९८३ च्या कायद्याने सरकारी मंजुरी लागते. ‘टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ’ हा सल्ला त्या मंजुरीला बगल देण्यासाठीच असतो. तो ऐकला की करार गेला, दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा गेला आणि तक्रारीचा आधारही गेला.

एजंट खरा की खोटा, हे ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर दोन मिनिटांत कळते. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढेच घेता येतात. त्यापेक्षा जास्त मागणाऱ्याला शेत विकून पैसे देऊ नका.