पटवण्याचे गणित

व्हिडिओ गेम म्हटला की गोळीबार आणि धावपळ डोळ्यांसमोर येते. पण ‘रोल-प्लेइंग गेम’ या प्रकारात बोलणे हेही एक हत्यार असते. खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो. समोरच्याशी बोलताना पडद्यावर तीन-चार वाक्ये येतात, त्यांतले एक निवडायचे. ते लागू पडेल की नाही, हे मात्र बहुधा पात्राच्या कौशल्याचा आकडा ठरवतो. माणसाचे मन वळवणे आकड्यात बसते का, या प्रश्नापायी मी या खेळांच्या अभ्यासाकडे वळलो.

याचे मूळ टेबलाभोवती बसून खेळायच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये (१९७४) आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी पात्राचे सहा गुण मोजायला घेतले. बळ, बुद्धी यांच्या जोडीला ‘करिश्मा’, म्हणजे इतरांवर पडणारी छाप, हाही एक गुण होता. तिथे खेळणारा स्वतःच्या तोंडाने बोले आणि खेळ चालवणारा माणूस ते ऐके. संगणकाला ते ऐकता येत नव्हते. रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा ४’मध्ये (१९८५) ‘नाव’, ‘काम’ अशा अर्थाचे एकेक इंग्रजी शब्द टंकून माहिती काढावी लागे. ती नुसती चौकशी झाली.

‘फॉलआउट’ने (१९९७) पुढचे पाऊल टाकले. अणुयुद्धानंतरच्या कॅलिफोर्नियात घडणाऱ्या या खेळात पात्राची बुद्धी फारच कमी ठेवली, तर त्याला धड वाक्यही बोलता येत नाही. शेवटी गाठ पडते ती ‘मास्टर’शी. साऱ्या मानवजातीचे उत्परिवर्तित प्राण्यांत रूपांतर करण्याचा त्याचा बेत असतो. त्याच्याशी लढता येते. पण हे प्राणी वांझ आहेत हे दाखवणारा शवविच्छेदनाचा अहवाल नायकाने आधी मिळवला असेल, तर तो पुढे करून मास्टरला हार मानायला लावता येते. इथे पुरावा बोलतो.

याच मालिकेतल्या ‘फॉलआउट ३’मध्ये (२००८) प्रत्येक पटवणाऱ्या वाक्यापुढे यशाची टक्केवारी दिसते. वाक्य फसले तर साठवलेला खेळ पुन्हा उघडून तेच वाक्य पुन्हा म्हणायचे. पटवणे म्हणजे लॉटरीचे तिकीट होते. ‘न्यू वेगस’ने (२०१०) नशीब काढून टाकले आणि ठरावीक आकडा मागितला. तो नसेल तर पर्यायाचे वाक्यच बावळट होते. शिवाय विषयाचे ज्ञानही कामी येते: ईझी पीट या म्हाताऱ्याकडून डायनामाइट मिळवायचे, तर स्फोटकांची जाण असलेल्याचे तो ऐकतो. तरीही हे कुलूप-किल्लीचेच नाते. पुरेसा आकडा असला की समोरचा माणूस उघडतो.

‘डिस्को एलिझियम’ (२०१९) मला या सर्वांत मोलाचा वाटतो. त्याचे प्रमुख लेखक रॉबर्ट कुर्वित्झ हे एस्टोनियन कादंबरीकार. स्मृती गमावलेला एक पोलीस एका खुनाचा तपास करतो. त्याची चोवीस कौशल्ये त्याच्या मनात आवाज बनून बोलतात आणि कधी चुकीचा सल्लाही देतात. क्लासये या स्त्रीची चौकशी चालू असताना मनोबलाचा आवाज बजावू शकतो की बाकीचे आवाज तिला भुलले आहेत. निर्णय दोन फाशांवर होतो, पण आधी काय केले, काय शोधले, यानुसार गुण वाढतात वा घटतात. काही प्रयत्न एकदाच करता येतात. फसले तरी कथा थांबत नाही. वेगळ्या, बहुधा लाजिरवाण्या वाटेने पुढे जाते.

लॉटरी आणि कुलूप या दोन्ही रचनांत ऐकणारा माणूस ही एक वस्तू असते. तासन्‌तास खेळणाऱ्या मुलांना त्यातून एक सवय लागू शकते, असे मला वाटते: योग्य वाक्य सापडले की माणूस आपलाच. पुराव्याची आणि पूर्वकर्मांची रचना वेगळे सांगते. आपला शब्द चालतो की नाही, हे पुष्कळदा तोंड उघडण्याआधीच्या आपल्या वागण्याने ठरलेले असते. आकड्यांच्या खेळालाही हे सांगता आले, म्हणून साहित्याच्या वाचकाने त्याची दखल घ्यावी.