गळतं सील, दोष भलत्याचाच

जावळी-वेल्ह्याच्या डोंगरांत पंधरा-वीस वर्षं जुन्या फोर-बाय-फोर पिकअप आजही दुधाचे कॅन, सिमेंटच्या गोण्या आणि वेळ पडली तर लग्नाचं वऱ्हाडही वाहतात. अशी गाडी रात्री जिथे उभी होती तिथे सकाळी तेलाचे डाग दिसले की मेस्त्रीचं निदान बहुधा दोन शब्दांचं असतं : सील गेलं. निदान खोटं नसतं, अपुरं असतं. म्हणून तर नवं सील बसवून चार महिने होतात न होतात तोच पुन्हा डाग दिसू लागतात. सील काहीशे रुपयांचं. खरा खर्च प्रॉपेलर शाफ्ट सोडून, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी ट्रान्सफर केस खाली उतरवण्याच्या मजुरीचा. तो दोनदा करायचा नसेल तर हे रबराचं कडं नेमकं करतं काय, ते समजून घ्यायला हवं.

गिअरबॉक्सचं खोकं स्थिर आणि त्यातून बाहेर येणारा शाफ्ट फिरता. त्यांच्यामधली फट ऑइल सील सांभाळतं. लोखंडी कड्यावर चढवलेलं रबर, त्याची पातळ कड आणि ती कड शाफ्टवर दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग, एवढाच त्याचा पसारा. चार सेंटिमीटर व्यासाचा शाफ्ट मिनिटाला २५०० फेरे घेत असेल, तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला पाच मीटरहून अधिक वेगाने रबराखालून सरकतो. कड शाफ्टला कोरडी चिकटून बसली असती तर घर्षणाने लवकरच जळून गेली असती. पण चालत्या गाडीत दोघांच्या मध्ये तेलाचा अगदी पातळ, साधारण एक मायक्रॉनच्या आसपासचा थर असतो. १९५७ मध्ये ई. टी. जॅगर या अभियंत्याने हे दाखवून दिलं.

मग त्या थरातून तेल बाहेर का येत नाही? उत्तर कडेच्या आकारात आहे. तेलाच्या बाजूला तिचा उतार तीव्र असतो, हवेच्या बाजूला सौम्य. शाफ्ट फिरू लागला की रबरावरचे सूक्ष्म उंचवटे तिरके ओढले जातात आणि बाहेर निघालेलं तेल पुन्हा आत ढकलतात. हेच सील उलटं बसवलं तर तेल तितक्याच इमानाने बाहेर ढकललं जातं!

या सीलचा पूर्वज चामड्याचा होता. ऑस्ट्रियन अभियंता वाल्टर सिमर यांनी १९२९ च्या सुमारास धातूच्या कड्यात बसवलेलं चामड्याचं सील तयार केलं आणि जर्मनीतल्या फ्रॉयडेनबर्ग या चामडं कमावणाऱ्या कंपनीने ते बाजारात आणलं. पुढच्या काही वर्षांत चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेतली. आज सर्रास वापरलं जातं ते नायट्राइल रबर. तापमान शंभर अंशांच्या वर राहू लागलं की ते कडक होत जातं, कडेची लवचीकता जाते आणि शाफ्टची जराशी थरथरही तिला झेपत नाही.

नवं सीलही फसतं, त्याचं पहिलं कारण शाफ्ट. वर्षानुवर्षं एकाच जागी घासून आणि धुळीमुळे शाफ्टवर बारीक खाच पडते. बोटाच्या नखाला ती अडकत असेल तर नवं सील त्याच खाचेवर बसवण्यात अर्थ नाही. जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवतात, नाहीतर शाफ्टवर पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची स्टीलची स्लीव्ह चढवतात.

दुसरं कारण याहून साधं, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला ब्रीदर नावाची छोटी नळी किंवा टोपी असते. चिखलाने ती बुजली की आतली हवा कोंडते. तापमान २५ अंशांवरून ९० अंशांवर गेलं तर कोंडलेल्या हवेचा दाब सुमारे एक पंचमांशाने वाढतो. तेल स्वतःही प्रसरण पावतं, त्यामुळे दाब आणखी चढतो. एवढा दाब थकलेल्या सीलची कड उचलायला पुरेसा असतो. पावसाळ्यात उलटंही घडतं : तापलेली गाडी ओढ्यात उतरली की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेवाटे पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ दिसलं तर समजावं की हेच झालंय.

फोर-बाय-फोरमध्ये एक गळती अशीही असते जिचा जमिनीवर एक थेंबही पडत नाही. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकमेकांना जोडलेले असतात आणि काही गाड्यांत त्यांच्यामध्ये फक्त एक सील असतं. ते गेलं की एका खोक्यातलं तेल दुसऱ्यात जातं. एकीकडे गिअर कोरडे पडू लागतात, दुसरीकडे तेल जास्त होऊन भलतंच सील गळतं आणि मेस्त्री ते भलतंच सील बदलतो. म्हणून तेलाची पातळी दोन्हीकडे तपासायलाच हवी. जमिनीवरच्या थेंबांवरून गळतीचा अंदाज बांधण्यातही फारसा अर्थ नाही. रात्रभरात पडलेले दहा थेंब म्हणजे अर्धा मिलिलिटरही नाही. चालत्या गाडीत किती जातं, ते पातळीच सांगते.

गळतीचं मूळ शोधायची खात्रीची पद्धत म्हणजे गाडीचं पोट डिझेलने किंवा डीग्रीझरने स्वच्छ धुऊन, वीसेक किलोमीटर फिरवून लगेच खालून पाहणं. वाऱ्याने तेल मागे पसरतं आणि आपल्या वजनाने खाली ओघळतं. त्यामुळे ओल्या भागातलं सर्वांत पुढचं आणि सर्वांत वरचं ठिकाण पाहावं. बाटलीतलं ‘स्टॉप लीक’ रबर फुगवून काही काळ गळती थांबवतं, पण शाफ्टवरची खाच त्याने भरत नाही.

नवं तेल भरताना गाडीच्या पुस्तिकेत दिलेला दर्जाच घ्यावा. जुन्या गिअरबॉक्समधल्या सिंक्रोनायझरच्या कड्या पितळी असतात आणि जीएल-५ दर्जाच्या काही तेलांतली गंधकयुक्त रसायनं पितळ खातात. तेल काढण्याआधी भरण्याचा बोल्ट सुटतो का, ते जरूर पाहावं. तो गंजून अडकला असेल आणि खालचा बोल्ट आधीच उघडला, तर गाडी तिथेच अडकून पडते. आणि मेस्त्रीने सील मागवायचं म्हटलं की वाचकांनी आधी एवढं सांगावं : ब्रीदर काढून त्यात फुंकून बघा, मग सीलचं बोलू.