आठवीनंतर मदतीचा हात का आखडतो?

जून महिन्याचा दुसरा पंधरवडा उजाडला, की सोलापुरात वह्यावाटपाचे समारंभ सुरू होतात. गणेशोत्सव मंडळे, जयंती उत्सव समित्या, ज्ञातिसंस्था, पतसंस्था, निवृत्त कर्मचाऱ्यांचे संघ अशा सर्वांनाच या दिवसांत गरीब विद्यार्थ्यांची आठवण होते. मांडव घातला जातो, शाल-श्रीफळ होते, दोन-तीन भाषणे होतात आणि वह्यांचे गठ्ठे सुटतात. यातील बराचसा पैसा शहराच्या दक्षिणेला, विजापूर रस्ता व होटगी रस्ता यांच्या आसपास वाढलेल्या जुळे सोलापुरातील नोकरदार कुटुंबांकडून येतो. वह्या जातात त्या मुख्यतः पूर्व भागातील विडी व यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांत. देणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. वर्गणीची पावती फाडणारा मनुष्य काही छायाचित्रासाठी पैसे देत नसतो. प्रश्न आहे तो ही मदत मुलाच्या कोणत्या वयात आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात पोचते, हा.

या मदतीचा सर्वांत मोठा वाटा प्राथमिक वर्गांतील मुलांना मिळतो. लहान मुले ओळीने उभी राहतात, गोड दिसतात, हेही त्याचे एक कारण असावे. परंतु नेमक्या याच वयात सरकारने काही जबाबदारी आधीच पत्करलेली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण मोफत व सक्तीचे केले. सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात. शालेय पोषणाची योजना १९९५ मध्ये सुरू झाली आणि २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच दिले पाहिजे असा आदेश दिल्यावर तिला खरे रूप आले. तीही आठवीपर्यंतच आहे. या योजनांच्या अंमलबजावणीत उणिवा पुष्कळ आहेत. तरी तिसरीतल्या मुलाला सहा वह्या देणे म्हणजे ज्याच्या ताटात काही वाढलेले आहे त्याच्याच ताटात आणखी एक घास वाढणे होय. नववीत पाऊल टाकताच मात्र पुस्तके, दुपारचे जेवण आणि कायद्याचे संरक्षण ही तिन्ही एकदम संपतात. मुलींचे शुल्क माफ असते हे खरे. पण माध्यमिक शिक्षणाच्या खर्चात शुल्क ही सर्वांत लहान बाब आहे. आणि याच टप्प्यावर वह्या वाटणाऱ्यांचाही हात आखडतो.

या खर्चापेक्षाही मोठा असा एक खर्च कोणाच्याही हिशेबाच्या वहीत लिहिला जात नाही. तो समजण्यासाठी विडी कामगाराच्या घरात डोकवावे लागेल. सोलापुरात पन्नास हजारांहून अधिक स्त्रिया विड्या वळून संसार चालवितात. त्यांतील पुष्कळशा तेलुगुभाषक पद्मशाली समाजातील असून त्यांच्या मागच्या पिढ्या विणकामासाठी या शहरात आल्या. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी १९६० च्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू गिरणी १९९० च्या दशकात. गिरण्यांची पक्की नोकरी गेली आणि असंख्य घरांत बाईच्या हातची विडी हाच आधार उरला. कारखान्याच्या ब्रँचमधून पान आणि तंबाखू मोजून घ्यायची, घरी पान भिजवायचे, मापाने कातरायचे, तंबाखू भरून वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा आणि ठरलेल्या वेळी माल ब्रँचमध्ये नेऊन द्यायचा. तेथे विड्या तपासल्या जातात. नापसंत विड्या बाजूला पडतात आणि त्यांचे श्रम वाया जातात. मजुरी हजारी हिशेबाने. दिवसाला किती तास बसलात याला काही मोल नाही.

जेथे मजुरी नगावर मिळते तेथे घरातील प्रत्येक मोकळा हात कमाईचा हात ठरतो. सातव्या-आठव्या वर्षी मुलगी दोरा बांधू लागते, दहाव्या-अकराव्या वर्षी पान कातरते आणि चौदाव्या वर्षी तिची बोटे आईच्या बोटांइतकी चपळ होतात. १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडी उद्योगात मुलांना राबविण्यास बंदी केली. पण त्याच कायद्याने कुटुंबीयांच्या मदतीने चालणारे घरचे काम त्या बंदीतून वगळले होते, आणि विडी तर घरातच वळली जाते. याचा अर्थ असा, की मुलगी जसजशी वरच्या वर्गात जाते, तसतशी तिला शाळेत पाठविण्याची किंमत वाढत जाते. अर्थशास्त्रात याला पर्यायी खर्च म्हणतात: एक गोष्ट करताना दुसरी जी कमाई सोडावी लागते, ती पहिल्या गोष्टीची खरी किंमत. तिसरीतील मुलगी शाळेत गेली तर घराचे फारसे काही बुडत नाही. नववीतील मुलगी गेली तर रोजच्या मजुरीतील एक हिस्सा बुडतो. यंत्रमागाच्या घरी मुलग्यांची कथा फारशी निराळी नाही. कांड्या भरणे, टॉवेलच्या कडा शिवणे, मालाची ने-आण करणे ही कामे त्यांची वाटच पाहत असतात. शाळा सोडणाऱ्या मुलांना ‘अभ्यासात गोडी नव्हती’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. आई मात्र फार काटेकोर हिशेब करीत असते, आणि तो हिशेब चुकीचा असतो असेही म्हणता येत नाही.

हा हिशेब ओळखून मदतीची रचना करणारे देश आहेत. मेक्सिकोने १९९७ मध्ये गरीब मातांच्या हाती रोख रक्कम देण्याची योजना सुरू केली. मूल नियमित शाळेत गेले तरच रक्कम मिळे, ती वरच्या वर्गांत वाढत जाई आणि माध्यमिक शाळेतील मुलींना मुलग्यांपेक्षा अधिक मिळे. फिलिपाइन्सने २००८ मध्ये अशीच योजना आरंभिली व २०१९ मध्ये तिला कायद्याचे रूप दिले. तेथे मुलाची शाळेतील उपस्थिती किमान ८५ टक्के असावी लागते. खासगी दानाविषयीही पुरावा आहे. एका मुलाला एका दात्याने वर्षानुवर्षे मदत करावी, अशा रीतीने चालणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कामाची पाहणी फिलिपाइन्स व भारत यांसह सहा देशांत करून अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदत मिळालेली मुले सरासरीने सुमारे एक ते दीड वर्ष अधिक शिकली होती. एक-दीड वर्ष ही मजल थोडी वाटेल. पण आठवी आणि दहावी यांच्यातील अंतर दोनच वर्षांचे आहे! हीच संस्था परकीय देणग्यांवरील निर्बंधांमुळे २०१७ मध्ये भारतातून निघून गेली आणि तिच्या मदतीवर असलेली सुमारे दीड लाख मुले एकाएकी उघड्यावर आली. निर्बंध योग्य की अयोग्य, हा वाद येथे नको. साता समुद्रापलीकडील दात्यापेक्षा त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा दाता अधिक भरवशाचा, एवढे मात्र यातून दिसते.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. १९८३ पासून राज्यात सावित्रीबाई फुले दत्तक-पालक योजना आहे. दात्याने एका गरीब मुलीचे पालकत्व घ्यावे आणि दरमहा पंचवीस-तीस रुपये द्यावेत, अशी तिची मूळ कल्पना. १९९२ मध्ये मागास व भटक्या समाजांतील पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीबद्दल रोज एक रुपया देण्याचे ठरले. कल्पना उत्तम होती. परंतु भाव कोठल्या कोठे गेले, तरी तो रुपया वर्षानुवर्षे रुपयाच राहिला. शिवाय तो चौथीतच संपत होता. जेथे गळती कमी तेथे पैसा आणि जेथे गळती अधिक तेथे कोरडे प्रोत्साहन, ही चूक सरकारने केली आणि मंडळांनीही तीच गिरविली.

त्याही आधी वार लावून जेवण्याची पद्धत होती. सात वारांना सात घरे आणि त्यांवर शिकणारा एक मुलगा. तिच्यात जातीची बंधने होती, आश्रिताला सोसावा लागणारा अपमान होता. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण एक गुण होता: वार एकदा लागला की तो वर्षभर चाले, पुढच्या वर्षीही चाले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवून तिच्यातील दोष काढून टाकले आणि मूठमूठ धान्य गोळा करून सातत्य मात्र राखले. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी स्थापिलेली विद्यार्थी सहाय्यक समिती खेड्यांतील मुलांना केवळ रक्कम न देता राहण्या-जेवण्याची सोय देत आली. या सर्वांनी वर्षे दिली. वह्यावाटप एक दिवस देते.

जुळे सोलापूरपाशी देण्यासारखे पैशाहूनही मोलाचे असे काही आहे. हा भाग बँक कर्मचारी, शिक्षक, सरकारी नोकर व निवृत्तांचा. अनेकांची मुले नोकरीसाठी पुण्याला गेलेली. घरात दोन वृद्ध माणसे, पुस्तकांचे कपाट आणि पुष्कळ मोकळा वेळ. आयुष्यभर अर्ज भरलेली व अर्ज तपासलेली ही मंडळी आहेत. शहराच्या पूर्व भागात नेमकी याच कसबाची वाण आहे. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. १९७६ च्या कायद्यांनी विडीवर उपकर बसवून कल्याण निधी उभारला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा उपकर संपला, तरी शिष्यवृत्ती अर्थसंकल्पातून चालू राहिली. वर्गानुसार वर्षाला हजार रुपयांपासून व्यावसायिक शिक्षणासाठी २५ हजारांपर्यंत ती मिळते. आठवीत परीक्षा घेऊन निवडलेल्या गुणवंत पण गरीब मुलांना नववी ते बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये देणारी दुसरी शिष्यवृत्ती आहे. आईचे ओळखपत्र, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते, आधार कार्डावरील नाव आणि शाळेतील नाव हे सारे जुळले, तरच पैसे खात्यात जमा होतात. तेलुगु आडनाव मराठीत एका तऱ्हेने, इंग्रजीत दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असते. एका अक्षरापायी अर्ज परत येतो. आई दुरुस्तीसाठी कचेरीत गेली तर त्या दिवसाच्या विड्या बुडतात. म्हणून ती जात नाही. एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकाने अशी दहा कुटुंबे पत्करली आणि वर्षभर त्यांचे कागद सांभाळले, तर त्यातून मुलांना मिळणारी रक्कम कोणत्याही मंडळाच्या वह्यांच्या खर्चाहून मोठी होईल.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि सोलापुरासारख्या कामगार चळवळीच्या शहरात तो घेतला जाणे योग्यच आहे. दानाने गरिबी हटत नाही. विडी कामगार स्त्रीला कायद्याने ठरलेले किमान वेतन पुरते मिळाले, तर तिच्या मुलीला कोणाच्या उपकाराची गरज उरणार नाही. हे तत्त्वतः मान्यच केले पाहिजे. संघटित मागणीने काय साधते हे या शहराने पाहिले आहे: कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, पुढे रे नगरमध्ये तीस हजार घरांची योजना आली आणि त्यांतील पंधरा हजार घरे २०२४ च्या जानेवारीत कामगारांच्या ताब्यात आली. दानातून हे कधीही झाले नसते. पण वेतनाचा तंटा पाच-दहा वर्षे चालतो आणि नववीचे वर्ष दहा महिन्यांत संपते. शिवाय नव्या वसाहती शहरापासून दूर आहेत. घर मिळाले की माध्यमिक शाळेचे अंतर वाढते आणि रिक्षा-बसचे भाडे हा एक नवाच खर्च उभा राहतो. सिद्धरामेश्वरांच्या या गावाला कायक आणि दासोह हे शब्द जोडीनेच माहीत आहेत. श्रमाचे मोल मागणे आणि वाटा देणे यांत एकाने दुसऱ्याची वाट अडविण्याचे कारण नाही.

मदत द्यायची तर ती कशी, याविषयी थोडे. रक्कम आईच्या खात्यात, दरमहा आणि निदान दहावीपर्यंत जावी. मुलीची निवड वर्गशिक्षकाने करावी, कारण सप्टेंबरपासून कोणाची हजेरी तुटू लागली हे त्यालाच प्रथम कळते. नाव जाहीर करू नये. तिसरीतल्या मुलाला व्यासपीठावर बोलाविले तर तो आनंदाने जातो. चौदा वर्षांची मुलगी वर्गमैत्रिणींच्या देखत ‘गरीब विद्यार्थिनी’ म्हणून हात पुढे करणार नाही, आणि तिने तो करावा अशी अपेक्षा बाळगणे हा उद्धटपणा आहे. दात्याला हिशेब हवा असेल तर शाळेचे हजेरीपत्रक पुरेसे आहे.

ज्या मुलींची शाळा सुटली आहे, त्यांच्यासाठीही दार अगदी बंद झालेले नाही. पाचवी उत्तीर्ण होऊन चौदा वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या दहावीच्या परीक्षेस बसता येते. विड्या वळता वळता दहावी झालेल्या मुली सोलापुरात आहेत. त्यासाठी शाळेचा जुना दाखला शोधावा लागतो, परीक्षा शुल्काची सोय करावी लागते आणि कोणीतरी आईशेजारी बसून अर्ज भरावा लागतो. या अर्जांची मुदत वर्षाच्या मध्यावर येते. त्या वेळी वह्यावाटपाचे मांडव केव्हाच सुटलेले असतात.