साठविलेली चित्रफीत आणि शेतीचा अभ्यास

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात वसलेल्या किन्हीराजा गावाच्या परिसरात सोयाबीन व तूर ही खरिपाची महत्त्वाची पिके होत. सोयाबीनची पेरणी साधली तर हंगाम साधला. बियाणे उगवले नाही तर दुबार पेरणीचा भुर्दंड पडतो आणि गेलेली ओल परत मिळत नाही. म्हणून पेरणीपूर्वी शिकावयाच्या गोष्टी नीट शिकणे, हा शेतकऱ्याच्या दृष्टीने पोटापाण्याचा प्रश्न आहे.

या गोष्टी शिकविणाऱ्या चित्रफिती आता मोबाईलवर मिळतात. परंतु बियाण्याची उगवणशक्ती कशी तपासावी हे पाहावयास बसलेल्या शेतकऱ्यापुढे मध्येच जाहिरात येते, कोणाचा तरी निरोप वाजतो, आणि चित्रफीत संपते न संपते तोच भलत्याच विषयाची दुसरी सुरू होते. अर्ध्या तासाने पुष्कळ पाहिल्याचे समाधान वाटते. पण दाणे किती घ्यावयाचे व कितव्या दिवशी मोजावयाचे, हे आठवत नाही. पेरताना चाड्यावरची मूठ मध्येच सुटली की तास तुटक उगवतो. अभ्यासाचेही तसेच आहे.

यावर सोपा उपाय आहे. हवी ती चित्रफीत अगोदर मोबाईलमध्ये उतरवून ठेवावी व पाहण्याच्या वेळी विमानाचे चिन्ह असलेली कळ दाबून मोबाईलची बाहेरील जोडणी बंद करावी. मग जाहिरात नाही, निरोप नाही, की दुसरीकडे वळण्याचा मोह नाही. शेतात जेथे जोडणी मिळत नाही, तेथेही धडा उघडता येतो. काही ॲपमधील साठविलेल्या चित्रफिती ठराविक मुदतीनंतर पुन्हा जोडणी मागतात. यास्तव शेतावर निघण्यापूर्वी धडा उघडतो की नाही, हे पाहून घ्यावे.

उगवणशक्तीचाच धडा उदाहरणादाखल घेऊ. सोयाबीनच्या दाण्याचे आवरण पातळ असल्यामुळे मळणीत व हाताळणीत त्यास सहज इजा होते. घरचे बियाणे वापरणाऱ्याने चाचणी करणे म्हणूनच अगत्याचे आहे. चित्रफिती पाहताना पुढील क्रम ठेवावा.

१. पहिल्या वेळी चित्रफीत न थांबविता पूर्ण पाहावी.

२. दुसऱ्या वेळी प्रत्येक कृतीपाशी थांबवून ती कृती हाताने करावी. बियाण्यातून सरसकट १०० दाणे मोजावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या ओळींत मांडावेत, वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवावी व ओल टिकवावी.

३. सुमारे सात दिवसांनी गुंडाळी उघडताना तीच चित्रफीत पुन्हा लावावी. निरोगी कोंब कोणता व वेडावाकडा कोणता, हे शब्दांनी सांगणे कठीण. तेथे चित्र थांबवून शेजारी आपले कोंब ठेवून पाहावे.

४. निरोगी कोंब ७० किंवा अधिक असल्यास शिफारशीप्रमाणे बियाणे वापरावे. थोडे कमी असल्यास त्या प्रमाणात बियाणे वाढवावे. फारच कमी असल्यास बियाणे बदलावे.

हीच चित्रफीत दहा-पंधरा जणांनी एकत्र पाहिल्यास लाभ अधिक होतो. महाराष्ट्रास हा अनुभव नवा नाही. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या तेव्हाच्या जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालविली. मंडळी ठरल्या वेळी जमत, कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. अशा गावांत ज्ञानात पडलेली भर, नुसताच रेडिओ असलेल्या गावांपेक्षा बरीच अधिक आढळली. यंत्र दोन्हीकडे होते. फरक ठरलेल्या वेळेचा व चर्चेचा होता. ग्रामस्तरीय कार्यकर्त्याने चित्रफीत मध्येच थांबवून “पुढे काय करावयाचे?” असे विचारावे. त्या एका प्रश्नाने पाहणारे सावध होतात.

घरातील विद्यार्थ्यांनाही हीच रीत उपयोगी पडते. पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर संकेतांद्वारे उघडणारे ‘दीक्षा’ ॲपमधील पाठ उतरवून जोडणीविना पाहता येतात. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवून ८.३० पर्यंत मोबाईल व दूरचित्रवाणी बंद ठेवण्याचा दंडक घालून घेतला, तो मुलांच्या अभ्यासासाठीच. त्या वेळी वडीलधारी मंडळी मोबाईल पाहत बसली असती, तर मुलांचे मन पुस्तकात रमले नसते. घरात एकच मोबाईल असेल तर मुलाच्या पाठाची व शेतीच्या धड्याची वेळ निरनिराळी ठरवावी.

मात्र सर्वच गोष्टी साठवून ठेवावयाच्या नसतात. बीजप्रक्रिया, उगवण चाचणी, रुंद वरंबा सरी यंत्राची जुळणी, फवारणी पंपाची निगा ही कौशल्ये होत; त्यांचे धडे साठवावेत. हवामानाचा अंदाज व बाजारभाव मात्र ज्या त्या दिवशी ताजेच पाहावेत. कीटकनाशकांच्या शिफारशी बदलतात. म्हणून जुन्या चित्रफितीवर विसंबून औषध विकत घेऊ नये, चालू हंगामाची शिफारस व डब्यावरील सूचना वाचाव्यात. चित्रफीत कोणाची आहे, हेही पाहावे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, करडा येथील कृषी विज्ञान केंद्र व कृषी विभाग यांच्या माहितीस प्रथम पसंती द्यावी. माल विकणाऱ्याने केलेला धडा त्यांच्याकडून पडताळून घेतल्याशिवाय अमलात आणू नये.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी मे महिन्यातच चार-पाच निवडक चित्रफिती साठवून घ्याव्यात, त्यांस विषय व वर्ष यांची नावे द्यावीत आणि प्रत्येक बैठकीस एकच लावावी. सोबत ओले गोणपाट व १०० दाणे ठेवण्यास विसरू नये. पडद्यावर पाहिलेले त्याच बैठकीत हाताने केले, म्हणजे ते पेरणीपर्यंत ध्यानात राहते.