साडेसहाशे ग्रॅमचे मोल

२०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेत जो विराट अर्थविषयक कायदा संमत झाला, त्याची चर्चा आपल्याकडे मायदेशी पाठवावयाच्या रकमांवरील एक टक्का कराच्या अनुषंगानेच प्रामुख्याने झाली, आणि ज्यांची मुलेबाळे तिकडे नोकरीस आहेत अशा घरांच्या दृष्टीने ते स्वाभाविकही होते. परंतु त्याच कायद्यातील एका लहानशा कलमाने बंदुकीच्या सायलेन्सरवर १९३४ पासून चालत आलेला २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला, आणि नोंदणीचा व तपासणीचा शिरस्ता कायम ठेवूनही त्या कलमाने रॉकी पर्वतापासून अलास्कापर्यंतच्या डोंगरी शिकाऱ्यांना एका जुन्या प्रश्नाचा फेरविचार करावयास लावले. प्रश्न असा की, जिचे वजन सव्वादोन किलोंच्या आसपास आणले आहे आणि जी एखाद्या कारागिराने एका गिऱ्हाइकासाठी मुद्दाम घडवली आहे, अशा रायफलीसाठी चार हजारांपासून दहा हजार डॉलरांपर्यंत रक्कम मोजणे उचित आहे काय?

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीचा अध्याय संपवला, आणि तो संपला हे योग्यच झाले असे माझे स्पष्ट मत आहे. तथापि हलक्या रायफलीची महती आपल्याला अगदीच अपरिचित नाही. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा नाश केल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेटला जी .२७५ बोअरची रिग्बी रायफल नजर करण्यात आली, तिने कुमाऊँच्या दऱ्याखोऱ्यांत त्याची दीर्घकाळ सोबत केली. आणि दिवसदिवस पायी माग काढणाऱ्या माणसाला हातातील शस्त्र जड असून चालत नाही, हे कॉर्बेटचे वाचक जाणतात. हलकेपणाची ही गरज खरी आहे, यात संशय नाही. संशय आहे तो तिच्या मर्यादेविषयी.

अलास्कात डॉल जातीच्या शुभ्र रानमेंढ्यांचा हंगाम १० ऑगस्टला सुरू होतो. परक्या राज्यातून आलेल्या शिकाऱ्याने परवानाधारक वाटाड्या किंवा तेथे राहणारा जवळचा नातलग सोबत घेतलाच पाहिजे, आणि सावजाचे खाण्याजोगे सारे मांस डोंगरावरून खाली आणलेच पाहिजे, असा तेथील कायद्याचा दंडक आहे. इवलेसे विमान नदीकाठच्या गोट्यांच्या पट्टीवर माणसे उतरवून निघून जाते, आणि मग तंबू, आठ-दहा दिवसांचा शिधा व दुर्बिणी पाठीवर घेऊन पायाखालून सरकणाऱ्या पातळ कपच्यांच्या घसरणीवर चढाई सुरू होते. ओझ्यापैकी किलोभर वजन कमी झाले तर काय वाटते, हे ज्याने सह्याद्रीतील एखादी खडी चढण भरल्या पाठीने पार केली आहे त्याला सांगण्याची आवश्यकता नाही. त्यातही रायफलीचे वजन इतर सामानासारखे पाठपिशवीत मुकाट पडून राहत नाही. ती खांद्यावरून घसरते, खडकाला घासते, आणि चढताना जो हात मोकळा हवा तोच ती अडवून धरते.

याच चढणींविषयी ज्याने आयुष्यभर लिहिले, तो जॅक ओ’कॉनर (१९०२–१९७८) हा ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचा शस्त्रविषयक संपादक १९२५ साली बाजारात आलेल्या .२७० विंचेस्टर या काडतुसाचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता होता. त्याची आवडती रायफल स्पोकेन येथील अल बीसन या कारागिराने अक्रोडाचा दस्ता बसवून सिद्ध केली होती, आणि दुर्बिणीसह तिचे वजन साडेतीन किलोंच्या थोडे वर जात असे. म्हणजे आज ज्या वजनाला नवे शिकारी नाके मुरडतात, त्या वजनाची रायफल घेऊन या गृहस्थाने उत्तर अमेरिकेतील चारही प्रकारच्या रानमेंढ्यांचा पाठलाग केला. आणि ती वाहून नेण्यासारखी असली पाहिजे तितकीच ती हातात स्थिर राहणारीही असली पाहिजे, हा त्याच्या निवडीतला विवेक होता.

मग सव्वादोन किलोंचा ध्यास आला कोठून? त्याचे श्रेय ज्या एका माणसाकडे जाते त्याच्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे मला अगत्याचे वाटते. वेस्ट व्हर्जिनियातील ग्रॅनव्हिल या लहानशा गावी मेल्विन फोर्ब्स याने १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास ‘अल्ट्रा लाइट आर्म्स’ या नावाने आपले काम सुरू केले. तोपर्यंत रायफल हलकी करण्याची रूढ रीत तासण्याची होती: तयार रायफल घ्यावी, दस्ता आतून पोखरावा, पोलादाला जागोजागी भोके पाडावीत, नळी तासून बारीक करावी, आणि मग नेम का चुकतो याची चिंता करीत बसावे. फोर्ब्सने उलट दिशेने विचार केला. काडतूस जेवढे, तेवढाच त्याचा सांगाडा असावा, या एका सूत्रावर त्याने बोल्ट आणि त्याला धरणारे पोलादी घर यांची नव्याने आखणी केली; .३०८ सारख्या आखूड काडतुसांसाठी घडवलेल्या त्याच्या ‘मॉडेल २०’ मध्ये तीन इंची काडतूसपेटी बसली, ज्यायोगे गोळी काडतुसात थोडी पुढे बसवण्यास अवकाश मिळाला, आणि तरीही घराचा व्यास व वजन दोन्ही उतरले. जेथे पोलादाची गरजच नव्हती तेथून ते गेले, जेथे होती तेथे ते पुरेपूर राहिले.

परंतु त्याच्या कर्तृत्वाचा खरा गाभा दस्त्यात आहे. केवलार आणि ग्रॅफाइट यांच्या तंतूंचे थर देऊन त्याने जो दस्ता घडवला, त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरते आणि ताठपणात मात्र तो अक्रोडाच्या दुप्पट जड दस्त्याला हार जात नाही. गोळी सुटते त्या क्षणी नळी कंप पावते, आणि नळी जितकी बारीक तितका तो कंप मोठा. दस्ता लवचीक असेल, ऊनपावसाने फुगत-आक्रसत असेल, तर नळीवर त्याचा दाब आज एक व उद्या दुसरा पडतो; म्हणून बहुतेक कारागीर नळी दस्त्यापासून सुटी, अधांतरी ठेवतात. फोर्ब्सने नळी दस्त्याच्या टोकापर्यंत त्यात घट्ट बसवली. दस्ताच जर बदलत नसेल तर तो नळीचा वैरी न राहता तिचा आधार बनतो, बारीक नळीचा कंप आवरतो, आणि पाच पौंडांची, म्हणजे सव्वादोन किलोंची, रायफल आठ पौंडांच्या रायफलीसारखी वागू लागते, हे त्याने वर्षानुवर्षे गिऱ्हाइकांच्या हाती दिलेल्या मालाने सिद्ध केले. नळ्याही त्याने त्याच राज्यातील चार्ल्सटनच्या डग्लस या प्रतिष्ठित कारखान्याच्या वापरल्या. मध्यंतरी कोल्टसारख्या जुन्या व मातब्बर कंपनीने हा लहानसा उद्योग विकत घेतला, तो पुन्हा फोर्ब्सकडे आला तेव्हा नावामागे ‘न्यू’ हा शब्द लागला, आणि अलीकडे तो अर्कान्सासमधील विल्सन कॉम्बॅट या कारखान्याच्या छत्राखाली गेला आहे. पैसे मोजावेत ते अशा विचाराला, असे मी निःसंकोच म्हणेन. केवळ टायटॅनियमचा एक स्क्रू आणि कार्बनचा एक वेष्टणपट्टा वाढवून किंमत दुप्पट करणाऱ्यांना तो मान देण्यास माझे मन धजत नाही.

आता हलकेपणाची दुसरी बाजू. गोळी आणि दारूचा वायू पुढे जातो त्या मानाने रायफल मागे येते. हा निसर्गाचा नियम असून कोणत्याही कारागिराला त्यातून सवलत नाही. .३०-०६ या सुप्रसिद्ध काडतुसातून ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने सुटते असे धरून हिशेब केला, तर दुर्बिणीसह चार किलो वजनाच्या रायफलीचा धक्का सुमारे २५ ज्यूल येतो, आणि तेच काडतूस २.७ किलोंच्या रायफलीत घातले तर तो ३६ ज्यूलच्या घरात जातो. हा धक्का दोन-चार वेळा खांद्याने सोसला की शरीर ते लक्षात ठेवते. पुढच्या वेळी चाप ओढला जाण्याच्या आधीच डोळे मिटतात, खांदा बिचकतो, आणि गोळी हृदयाऐवजी पोटात जाते. या हिशेबाला एकच समंजस उतारा आहे, तो म्हणजे लहान काडतूस. ६.५ क्रीडमूरची सुमारे सव्वानऊ ग्रॅमची गोळी त्याच २.७ किलोंच्या रायफलीतून सोडली तर धक्का २२ ज्यूलच्या आसपास राहतो, म्हणजे जड .३०-०६ पेक्षाही कमी. असे असता हलक्यात हलकी रायफल आणि तीत मोठ्यात मोठे मॅग्नम काडतूस अशी फर्माईश करणारे गिऱ्हाईक कारागिरांना हरघडी भेटते, आणि व्यवसायापायी ती पुरवलीही जाते. मला ही प्रथा निषेधार्ह वाटते, कारण तिचा दंड पैसे मोजणाऱ्याला होत नाही. तो जखमी होऊन कड्याआड निघून जाणाऱ्या जनावराला होतो.

स्थैर्याची अडचण याहून सूक्ष्म आहे. तासभर धापा टाकीत चढून आलेला शिकारी पाठपिशवी दगडावर ठेवतो, तिच्यावर रायफल टेकतो, आणि दुर्बिणीतून पाहतो तो प्रत्येक नाडीठोक्यासरशी फुलीच्या रेषा मेंढ्याच्या खांद्यावरून वर-खाली उड्या घेत असतात. जड रायफल आपल्या जडत्वाने हे ठोके गिळते. हलकी ते जसेच्या तसे उमटवते. चापाचेही तसेच. दोन किलोंच्या ओढीचा चाप चार किलोंच्या रायफलीत एक वेळ चालून जाईल, पण सव्वादोन किलोंच्या रायफलीत तोच चाप ओढताना बोट जवळजवळ अख्खी रायफलच हलवीत असते. म्हणून अशा रायफलीत किलोभर ओढीचा, करकर न करता काचेसारखा तुटणारा चाप हा चैनीचा भाग नव्हे. आणि पुढचा हात नळीखाली नुसता ठेवून भागत नाही, दस्ता घट्ट धरून खांद्याशी ओढून घ्यावा लागतो. हे सर्व साध्य आहे, परंतु ते विकत मिळत नाही.

सायलेन्सरच्या कलमाचा संबंध येथे येतो. आवाज आणि धक्का दोन्ही लक्षणीय उतरवणारे हे साधन आता करमुक्त झाल्याने ते लावण्याची इच्छा वाढणार, आणि टायटॅनियमचा सायलेन्सरदेखील अडीचशे-तीनशे ग्रॅमचा, तोही नळीच्या अगदी टोकाशी, जेथे वजन हाताला सर्वांत अधिक जाणवते. शिवाय अतिहलक्या रायफलीच्या नळीचे तोंड चौदा मिलिमीटरांच्या आसपास असते, आणि मोठ्या बोअरच्या सायलेन्सरसाठी प्रचलित असलेला आटा सुमारे सोळा मिलिमीटर व्यासाचा आहे. तो त्या नळीवर पाडताच येत नाही. अर्ध्या इंचाचा लहान आटा पाडता येतो, पण ३० बोअरच्या नळीत मग भिंत फारच पातळ उरते. निरुपायाने तोंड जाड ठेवावे लागते. त्यात एक लाभही आहे, कारण नळीचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, आणि चौदाचे सोळा मिलिमीटर केले तर तो सत्तर टक्क्यांच्या आसपास चढतो. लांबी आवरण्यासाठी नळी चार इंच आखूड केली तर गोळीचा वेग सेकंदाला तीसेक मीटरने घटतो, आणि डोंगरात ज्या अंतरावर गोळी झाडणे न्याय्य आहे तेथे ही घट मारक नाही. अर्थ इतकाच की, पाच पौंडांचा जुना आदर्श या कलमाने आपोआप शिथिल केला असून उत्तम कारागीर आता थोडी जाड, आखूड नळी सुचवू लागले तर ते हिताचेच होईल.

राहता राहिला पैशाचा हिशेब. फिनलंडमधील रिहिमाकी येथे तयार होणारी टिक्का टी-३एक्स लाइट ही रायफल दुर्बिणीविना सुमारे २.९ किलो भरते, आठ-नऊशे डॉलरांत मिळते, आणि तिचा चाप व नळी या दोहोंविषयी जाणकारांची सहसा तक्रार नसते. तिच्यात आणि सव्वादोन किलोंच्या घडीव रायफलीत अंतर साडेसहाशे ग्रॅमचे. त्यासाठी किमान तीन हजार डॉलर, म्हणजे ग्रॅममागे पाचच्या आसपास डॉलर, मोजावे लागतात. किंबर कंपनीने कारखान्यातच सव्वादोन किलोंच्या आतली रायफल करून दाखवली, आणि बॅरेट कंपनीने २०१७ मध्ये फोर्ब्सच्या धर्तीची फील्डक्राफ्ट दोन हजार डॉलरांच्या आत बाजारात आणली. परंतु ती काही वर्षांतच बंद पडली, याची मला खंत वाटते, कारण चांगला विचार सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्यात आणण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. आणि कितीतरी गिऱ्हाईके मोठ्या हौसेने साडेसहाशे ग्रॅम वाचवून त्याच रायफलीवर आठशे ग्रॅमची लांबलचक दुर्बीण चढवतात, तेव्हा ते तीन हजार डॉलर शब्दशः वाऱ्यावर जातात.

माझा कौल असा आहे. जो वर्षानुवर्षे रानमेंढ्यांच्या किंवा रानबकऱ्यांच्या मागे उंच कड्यांवर जातो, ज्याने तंबू-शिध्यातील अनावश्यक वजन आधीच कमी केले आहे, जो लहान काडतूस पत्करण्यास राजी आहे, आणि दुर्बिणीसह एकंदर वजन पावणेतीन किलोंच्या खाली उतरवण्याचा हट्ट धरीत नाही, त्याने फोर्ब्सच्या परंपरेतील रायफल अवश्य घडवून घ्यावी. तिची किंमत वाजवी आहे. बाकी कोणीही, विशेषतः कोलोरॅडो-मोंटानात स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना या छंदाची नवी ओढ लागली असेल त्यांनी, कारखान्याची पावणेतीन-तीन किलोंची रायफल घ्यावी व उरलेल्या तीन हजार डॉलरांची काडतुसे आणून निशाणाच्या मैदानावर बसून, गुडघा टेकून, उभे राहून, धाप लागलेल्या अवस्थेत नेम धरण्याचा सराव करावा. काडतुसाला दोन डॉलर धरले तर ती दीड हजार होतात, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्ट्सन कायद्यान्वये वन्यजीव संवर्धनासाठी वसूल होणारा ११ टक्के कर, जो वर्षाला ५० हून कमी बंदुका घडवणाऱ्या कारागिराला माफ आहे, त्या प्रत्येक काडतुसावर जमा होतो.