पन्नाशीनंतर जिम टिकते कशी?

सजद्यातून उठताना गुडघे कुरकुरतात, जमिनीवर हात टेकवावा लागतो. मग नमाजसाठी खुर्ची लागते. डॉक्टर म्हणतात, व्यायाम करा. आपण जिमची वर्षाची फी भरतो आणि दोन महिन्यांत जाणं बंद होतं. पण साठी ओलांडलेले काही जण वर्षानुवर्षं जिमला जातात. त्यांना हे जमतं कसं?

आधी गरज समजून घेऊ. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि त्यासोबत दोन दिवस ताकदीचा व्यायाम सुचवते. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायामही हवेत. नुसतं चालून हे सगळं साधत नाही.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या मते तीन गोष्टींमुळे माणूस एखादं काम मनापासून करत राहतो: ते स्वतःच्या मर्जीने करणं, 'मला जमतंय' ही जाणीव आणि आपलेपणा. जिमलाही हेच लागू होतं. मुलाने जबरदस्तीने पाठवलेले अब्बा लवकर कंटाळतात. फक्त वजनकाट्याकडे पाहणारे निराश होतात, कारण या वयात वजन हळू उतरतं. त्यापेक्षा हात न टेकवता सजद्यातून उठता आलं का, हे पाहा. तीच खरी प्रगती.

आपलेपणाचा वाटा तर फार मोठा. 'चाचा, काल का नाही आलात?' असं विचारणारं कुणी असलं की पाय आपोआप वळतात. म्हणून एकट्याने जाऊ नका. फजरनंतर दोन-तीन साथीदार मिळून जा. अम्मी-खालांसाठी लेडीज बॅच, महिला ट्रेनर आणि सैल कपड्यांत व्यायामाची मोकळीक असेल तर त्याही टिकतात. ट्रेनर वयाचा मान ठेवणारा आणि वजन हळूहळू वाढवणारा हवा.

सवय अनेकदा रमजानमध्ये तुटते. महिनाभर सगळं बंद करण्यापेक्षा इफ्तारनंतर थोड्या वेळाने हलका व्यायाम चालू ठेवा. ईदनंतर कमी वजनापासून पुन्हा सुरुवात करा. शुगर, बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे. ती सांभाळायला उशीर झाला, असं कोणतंच वय नसतं.